दुसऱ्या फेरीची घंटा

१

कालच्या लांब शर्यतीत घंटा वाजली नाही, याबद्दल हजारो लोकांचं एकमत होतं. फक्त जो ती वाजवायला बसला होता, तो म्हणत होता की वाजली.

"आता तुम्हीच सांगा मॅडम, विश्वास कुणावर ठेवायचा?" रेसकोर्सच्या सेक्रेटरीने कागद डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात सरकवला आणि वर पेनही ठेवलं. "दोन सह्या झाल्यात. तिसरी तुमची."

डॉक्टरीणबाई घोड्यांच्या डॉक्टर. वीस वर्षं त्या रेसकोर्सवर होत्या. चौकशी समितीत त्यांना घेतलं होतं ते त्या शर्यतीच्या वेळी पलीकडच्या वळणावर गाडीत बसलेल्या असतात म्हणून. तिथे स्टँडकडचं काही ऐकू येत नाही, तेव्हा त्यांचं मत कुणाच्या बाजूचं नाही, असा हिशेब.

कागदावर चार ओळी होत्या. लांब शर्यत दोन मैलांची, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. पहिली फेरी संपत आली, पुढचा घोडा सरळ पट्ट्यात शिरला, की घंटा वाजते: अजून एक फेरी आहे. काल ती वाजली नाही. पुढे असलेल्या जॉकीला वाटलं, शर्यत संपली. विजयखांबापाशी पोचून त्याने लगाम खेचला, मागचा घोडा त्याच्यावर आदळला आणि त्या घोड्याच्या जॉकीच्या खुब्याचं हाड मोडलं. घंटावाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध. त्याला कामावरून काढावं, मैदानातली खोली रिकामी करून घ्यावी आणि प्रकरण पोलिसांकडे द्यावं.

"घंटा तपासली?"

"संध्याकाळीच. मी स्वतः दोर ओढला. ठणठणीत वाजते. काय आहे मॅडम, म्हाताऱ्याची डुलकी लागली असणार. आता कानावर हात ठेवतोय."

घंटाकाका एकोणचाळीस वर्षं त्या कामावर होते. मैदानातल्या एका खोलीत बायकोबरोबर राहायचे, आणि ती खोली गेली तर त्यांना दुसरं छप्पर नव्हतं. एका सहीने माणूस उघड्यावर येणार आणि वर पोलिसांच्या दारात उभा राहणार. बाईंनी पेन उचललं नाही.

"बैठक किती वाजता?"

"चार."

"मग चारला देते."

सेक्रेटरीचा चेहरा पडला. बाई उठल्या, तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या मागच्या फळ्यावर गेलं. तिथे दोन महिन्यांपूर्वीची नोटीस होती, यापुढे शर्यतीत घोड्यांना कान झाकणारी टोपी घालता येणार नाही अशी. शेजारी कालच्या विजेत्या घोडीचा फोटो टाचलेला होता. फोटोत घोडी होती, जॉकी होता, मालक होता, मालकाची बायको होती. आणखी कुणीतरी असायला हवं होतं असं बाईंना वाटलं, पण कोण ते लक्षात येईना. आणि फोटोखाली एक टाइप केलेला कागद होता: 'लांब शर्यत कायमची बंद करण्याचा प्रस्ताव.'

त्यावरची तारीख परवाची होती. अपघाताच्या आदल्या दिवसाची.

२

"हो, परवाच टाइप केला," सेक्रेटरी म्हणाला. तो मुळीच दचकला नाही, त्यामुळे बाईच जरा ओशाळल्या. "तुम्हाला वाटतंय, मीच घंटा बंद पाडली, शर्यत बदनाम व्हावी म्हणून?"

"वाटायला नको?"

त्याने कपाटातून जुनी रेसकार्डं काढली आणि टेबलावर पसरली. "ही बघा. दहा वर्षांपूर्वी लांब शर्यतीत एकोणीस घोडे. मग चौदा. मग नऊ. काल सात, त्यातले दोन मी मालकांचे पाय धरून उतरवले. आज सगळ्यांना मिनिटभरात निकाल हवा. तसेच घोडे पैदा करतात, तसेच विकतात. साडेतीन मिनिटं धावणारं जनावर सांभाळायला वेळ कुणाला आहे? मॅडम, ही शर्यत आपली आपणच मरत होती. मी कशाला तिच्या वाटेला जाऊ?"

बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. बाईंना कळलं की त्यालाही वाईट वाटतंय, फक्त तो ते टाइप करून मोकळा झालाय.

कालचं रेसकार्ड त्यांनी पर्समध्ये टाकलं. तिथून त्या पागांकडे निघाल्या. विजेत्या घोडीचे पाय तपासायचे होते, आणि ते काम त्यांना आवडीचं होतं. ती घोडी होती नऊ वर्षांची. तीन वर्षांच्या शिंगरांमध्ये ती पळायची म्हणून सगळे तिला 'मावशी' म्हणत. तिच्या ट्रेनरला सगळं रेसकोर्स मामा म्हणायचं. त्यामुळे 'मामांची मावशी' हा विनोद रोज कुणी ना कुणी करायचंच. पण डॉक्टरीणबाईंचे ते खरेच मामा होते. आईचा धाकटा भाऊ. घोड्याच्या पायावर हात कसा फिरवायचा, ते बाईंना कॉलेजने नव्हे, मामाने शिकवलं होतं.

मामा पागेच्या दारात खुर्ची टाकून गुडघ्याला घोड्यांचं मलम चोळत बसला होता. गुडघा टम्म सुजलेला.

"हे काय रे? जिंकल्याच्या आनंदात नाचलास की काय?"

"नाचतोय कसला. त्या पडलेल्या पोराला बघायला धावलो, तेव्हा दुखावला." मामाने मान वर केली नाही. "कसं आहे आता पोर?"

"शस्त्रक्रिया झाली. चालायला सहा महिने."

मामाचा हात थांबला. मग पुन्हा चोळू लागला. एरवी जिंकल्यावर हा माणूस शर्यतीची गोष्ट तीनतीनदा सांगायचा, ऐकणारा पळून गेला तरी सांगायचा. आज त्याने शर्यतीचं नावही काढलं नव्हतं. लांब शर्यत जाणार म्हणून खचलाय, असं बाईंना वाटलं. चाळीस वर्षं त्याने फक्त लांब पल्ल्याचेच घोडे घडवले होते.

मावशीचे पाय थंड होते, काही दुखणं नव्हतं. बाई निघाल्या तेव्हा मामाने मागून विचारलं, "घंटावाल्याचं काय करताय?"

"चारला ठरेल. माझी सही झाली की संपलं त्याचं."

मामाने मलमाचं झाकण लावलं.

३

पुढे असलेला जॉकी हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता. वय तेवीस, टोपणनाव भिंगरी. छोट्या शर्यतींचा राजा. दोन दिवसांपूर्वी याच्याशी बोलायचं तर रांग लावावी लागली असती. आता कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्याने मुद्दाम लगाम खेचला, अशीही कुजबुज होती.

"मुद्दाम?" भिंगरीचे डोळे भरून आले. "मॅडम, मागून आदळले ते माझे दाजी आहेत. सख्ख्या बहिणीचा नवरा. ती आत बसलीय, माझं तोंड बघत नाहीये."

"मग सांग मला, काय झालं?"

"काय सांगू? दोनशे चौदा शर्यती धावलोय. सगळ्या एक मैल, नाहीतर त्याच्या आतल्या. एक मैलाची शर्यतसुद्धा तिथूनच सुटते आणि त्याच खांबापाशी संपते. सरळ पट्टा दिसला की माझे हात आपोआप घोडा मोकाट सोडतात. सकाळी ट्रेनरनी सांगितलं होतं, दोन फेऱ्या, घंटा ऐकली की सावर. मी म्हटलं, ऐकतो. घंटेची वाट बघत होतो, मॅडम! ती आली नाही, लोक ओरडायला लागले, आणि मला वाटलं, झालं, हीच शेवटची. मागून दाजी ओरडत होते, 'अरे, अजून एक आहे!' ते ऐकू आलं, तेव्हा मी लगाम खेचलेला होता."

"बाकीचे जॉकी?"

"चौघांनी माझ्यासारखंच केलं. फक्त मावशी थांबली नाही. तिच्या जॉकीला मामांनी घडवलंय ना. ती आमच्या बाजूने निघून गेली, जणू काही झालंच नाही. एवढा आरडाओरडा, पण तिने कानसुद्धा हलवला नाही."

बाईंनी मान डोलावली आणि चार पावलं गेल्यावर थबकल्या. मावशी आवाजाला घाबरत नाही, हे खरं. लोकांच्या ओरडण्याला ती कधीच भ्यायली नव्हती. ती एकाच गोष्टीला घाबरायची. शिंगरू असताना तिच्या पागेला आग लागली होती, आणि त्या वेळी बडवलेली घंटा तिच्या कानातून कधी गेली नाही. मामा तिला कानटोपी घालून पळवायचा ते त्यासाठीच.

आणि या वर्षी कानटोपीला बंदी होती.

४

घंटाकाकांची चौकी म्हणजे सरळ पट्ट्याच्या तोंडाशी, स्टँडकडच्या वळणावरची लाकडी खोली. खिडकीतून मैदान दिसतं, छतातल्या भोकातून दोर खाली येतो. घंटा छतावर, पत्र्याच्या टोपीखाली. मागच्या बाजूने नऊ पायऱ्यांची शिडी. खाली बसलेल्याला घंटा दिसत नाही.

काका पाठमोरे बसून तेलाचा डबा पुसत होते. बाई दारातून म्हणाल्या, "काका, आहात का?"

डबा पुसणं चालू राहिलं.

बाई थोडं मोठ्याने म्हणाल्या, "काका, तुमची खोली वाचणार आहे."

तरीही काही नाही. बाई पुढे जाऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा म्हातारा दचकून उठला. "या, या डॉक्टरबाई! आलात कधी?" त्यांची नजर बाईंच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

"काका, तुम्हाला ऐकू येईनासं होऊन किती वर्षं झाली?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मटकन खाली बसले. "तीन," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. बायकोलाही निम्मंच माहीत आहे."

"मग काल घंटा वाजली, हे छातीठोकपणे कसं सांगताय?"

"वाजवली, बाई. सात टोल. शपथ घेतो." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. "मी आता हातांनी ऐकतो. टोल पडला की दोरातून झिणझिण्या येतात, पार कोपरापर्यंत. पण काल..." ते थांबले. "काल आल्या नाहीत. दोर ओढला, वजनही लागलं, पण हात गप्पच राहिले. मला वाटलं, गेले आता हातही. कानांमागोमाग हात. ते कसं सांगणार समितीला? म्हणून म्हटलं, वाजली."

म्हणजे काकांचं खोटं एवढंच होतं. आपलं बहिरेपण झाकायला ते 'वाजली' म्हणत राहिले, आणि त्यामुळे 'मी वाजवली' हे खरंसुद्धा कुणी ऐकून घेतलं नाही.

बाईंनी साडीचा पदर खोचला आणि शिडी चढल्या. घंटेत डोकं घालून बघितलं. आतला लोलक हिरवट गंजलेला होता, पण टोकाच्या गोळ्याभोवती चार बोटं रुंदीचा पट्टा पुसल्यासारखा स्वच्छ. आणि गोळ्याच्या नटात अडकलेले पांढरे, मऊ, आखूड केस. बाईंनी ते चिमटीत धरले. वीस वर्षं जनावरांच्या अंगावर हात फिरवलेल्या बोटांना ते ओळखायला वेळ लागला नाही.

मेंढीची लोकर होती.

५

काही घोड्यांच्या नाकावर लोकरीची जाड पट्टी बांधतात, म्हणजे ते मान खाली ठेवून पळतात. पट्टीला चामड्याचा बंद आणि बक्कल असतं. घोड्याच्या नाकाला काय आणि घंटेच्या लोलकाला काय, दोन क्षणांत बसते, दोन क्षणांत निघते.

बाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पर्समधून रेसकार्ड काढलं. घोड्याचा साज बदलला तर दोन दिवस आधी कळवावं लागतं, आणि ते रेसकार्डावर छापतात. सहाव्या नंबरपुढे बारीक अक्षरात होतं: 'या वेळी नाकपट्टीशिवाय.'

सहावा नंबर मावशीचा.

पाच वर्षं जिच्या नाकावरून पट्टी कधी उतरली नाही, तिची पट्टी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीला उतरवली. कारण ती पट्टी दुसरीकडे लागणार होती.

मग बाकीचं भराभरा समोर येत गेलं, आणि बाईंना ते नको होतं. सुजलेला गुडघा. नऊ पायऱ्या, काल सकाळी एकदा आणि अपघातानंतर सगळे पडलेल्या पोराकडे धावत असताना दुसऱ्यांदा. फोटोत कोण नव्हतं, तेही आता कळलं. आपली घोडी जिंकली आणि ट्रेनर फोटोला नाही. आणि त्या पोराजवळ? तिथे तर बाई स्वतः होत्या, पडलेल्या घोड्याला धरून, वीस मिनिटं. कोणकोण आलं ते त्यांना नीट आठवत होतं. मामा आला नव्हता.

आज सकाळी तो खोटं बोलला, तेव्हाच मनात कुठेतरी खटकलं होतं. बाईंनी ते बाजूला सारलं होतं, कारण तो मामा होता.

तीन वाजले होते. बाईंनी चौकीतल्या टेबलावर बसून समितीसाठी एक कागद लिहिला. मग त्या पागेकडे गेल्या.

मामा मावशीच्या कप्प्यात उभा होता. खुंटीवर नाकपट्टी लटकत होती. बाईंनी ती काढून उलटी केली. आतल्या लोकरीवर हिरवट डाग होता.

"जिंकण्यासाठी केलंस?"

"नाही गं!" मामा एवढ्या जोरात बोलला की मावशीने मान फिरवली. "तिला पळता यावं म्हणून. शेवटची शर्यत तिची. कानटोपी नाही, आणि घंटा झाली असती तर तिने कठडा तोडला असता, कुणाला तरी मारलं असतं. सेक्रेटरीला कानटोपीसाठी दोनदा विनवलं. तो म्हणाला, मग घोडीच उतरवू नका शर्यतीत. सात घोडे होते, हिला काढलं तर सहा. सहावर शर्यत रद्द होते."

"आणि बाकीच्या जॉकींचं काय? घंटा नाही झाली तर त्यांना कळणार कसं?"

मामाने बाईंकडे बघितलं. खरोखर न समजल्यासारखं बघितलं. "अगं, दोन फेऱ्यांची शर्यत आहे. दोन फेऱ्या! हे जॉकीला घंटेने सांगावं लागतं? आमच्या वेळी दर आठवड्याला दोन दोन मैल धावायचे. झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं, कितवी फेरी चाललीय ते. घंटा असायची लोकांसाठी, मजा म्हणून. मला वाटलं, लोकांची मजा जरा कमी होईल, आणखी काय?" तो कप्प्याच्या भिंतीला टेकला. "त्या पोराने लगाम खेचला, आणि मला कळेचना तो काय करतोय. आपली शर्यत कुठे संपते, हे न कळणारा जॉकी माझ्या स्वप्नातही आला नव्हता."

बाईंना रडू आलं. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, तो आला नाही.

"आणि काकांच्या डोक्यावर खापर फुटलं तेव्हा का गप्प बसलास?"

"हाड मोडलं म्हणून ऐकलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. सगळे म्हणणार, जिंकायला केलं. चाळीस वर्षांत एकदाही..." त्याने मावशीच्या मानेवर हात टेकला. "चारला जाणारच होतो मी."

"खरंच जाणार होतास, मामा?"

बाईंनी घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा शोधला, वाचला. स्वतःचं नाव वाचून पुन्हा वाचला.

"आधीच लिहून आलीस?"

"तुझ्यासमोर लिहिता आलं नसतं."

मामाने कागदाची पुन्हा नीट घडी केली आणि तो बाईंना परत दिला. मग त्यांच्या हातातली नाकपट्टी घेतली. "हे मीच नेतो," तो म्हणाला. "तू नको मधे येऊस. निदान एवढं मला माझ्या पायांनी जाऊ दे."

६

चार वाजता नाकपट्टी समितीच्या टेबलावर होती. मामाने सगळं सांगितलं, कुणी न विचारता, उभ्या उभ्या. बाईंचा कागद पर्समध्येच राहिला. काकांच्या कानांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

पुढचं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. मामाचं लायसन्स गेलं. मावशीची जीत रद्द झाली. काकांची खोली राहिली, आणि सेक्रेटरीने खाली मान घालून त्यांची माफी मागितली. त्यांना ती किती ऐकू आली कोण जाणे. मग त्याने दुसरा कागद काढला, परवाचा. लांब शर्यत बंद करण्याच्या बाजूने बाकी सगळ्यांनी हात वर केले. मामाला मत नव्हतं. बाईंना होतं. त्यांनी हाड मोडलेल्या जॉकीचा विचार केला, आणि भिंगरीचा, आणि त्याच्यासारख्या आणखी चौघांचा. मग त्यांनीही हात वर केला. तो हात खाली घेताना त्यांना मामाकडे बघवलं नाही.

काका जवळ येऊन त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. "मग घंटा?" त्यांनी विचारलं.

बाई सावकाश म्हणाल्या, "आता वाजवायची नाही, काका. ती लांब शर्यतीलाच वाजायची."

काकांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले आणि ते निघून गेले.

बाहेर कठड्यापाशी भिंगरी उभा होता. आत काय झालं, ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. मामा लंगडत बाहेर आला आणि त्याला बघून थांबला. हा आता अंगावर येणार, असं बाईंना वाटलं आणि त्या पटकन पुढे झाल्या. पण पोर कठडा धरूनच उभं राहिलं.

"मामा, मी मुद्दाम नाही हो थांबलो," तो म्हणाला. "मला खरंच वाटलं, शर्यत संपली."

मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा आधारासाठीही. समोर रिकामं मैदान होतं आणि माळी पाण्याचा पाइप ओढत चालला होता.

"संपलीच होती रे," मामा म्हणाला. "एकट्या मलाच कळलं नव्हतं."